डाव्या हाताचा घास

पडदा वर जातो. समोर वरवट बकालमधलं एक सारवलेलं अंगण. चैत्र उतरतीला लागलेला, सकाळी नऊचा सुमार. एका अंगाला सिमेंटचा पाण्याचा हौद, दुसऱ्या अंगाला चूल, मधोमध लोखंडी खाट. खाटेवर झुंबरबाई बसल्या आहेत, वय चौसष्ट. त्यांचा उजवा हात गोधडीच्या कापडाच्या जाड थैलीत घातलेला आहे आणि थैलीचा नाडा मनगटाशी बांधलेला आहे. पुढ्यात ताट, ताटात भाकरीचे तुकडे आणि वांग्याचं भरीत. समोरच्या ओट्यावर सून रुपाली, हाताची घडी घालून.

झुंबरबाईंचा डावा हात ताटाकडे निघतो. थरथरत, अडखळत. एक तुकडा कसाबसा बोटांत येतो, अर्ध्या वाटेपर्यंत चढतो आणि मांडीवर पडतो. हात पुन्हा निघतो. तुकडा पुन्हा मांडीवर. झुंबरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. सून जागची हलत नाही.

एवढ्यात फाटकातून तानाबाईंचा प्रवेश. या झुंबरबाईंच्या थोरल्या जाऊ. हातात ताकाचा गडवा. त्या दोन पावलं आत येतात आणि थबकतात.

"व माय माय माय! हात बांधला व इचा! अन् डाव्या हातानं जेवाले लावून राह्यली! रुपाली, तुले लाज आहे का व?"

रुपाली उभी राहिली. तानाबाई ताकाचा गडवा हौदावर आपटून तशाच वळल्या. त्या कुठे निघाल्या हे मला लगेच कळलं, कारण त्या माझ्याच दाराकडे येत होत्या.

हा सगळा प्रवेश मी माझ्या कुंपणाच्या भिंतीवरून पाहिला. अठ्ठावीस वर्षं मी फिरत्या नाटक कंपनीत काम केलं. जत्रांच्या तंबूंत राजे झालो, साधू झालो, दोनदा तर दशरथ म्हणून मेलो. शेजारच्या अंगणात काय चाललंय हे पाहायला माणूस नट असावा लागत नाही, पण मी जरा जास्तच मन लावून पाहिलं हे कबूल करतो.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी झुंबरबाई कोण ते सांगायला हवं.

आमच्या भागात त्यांची ओळख एका शब्दात आहे: मांडे. ज्यांनी मांडा होताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कापडातून चाळलेलं गव्हाचं पीठ तासभर मळायचं, आपटायचं, तेल लावत मऊ करायचं. त्याच्या उंड्यात पुरण भरायचं आणि मग पोळपाट-लाटणं बाजूला ठेवायचं, कारण मांडा लाटत नाहीत. तो दोन्ही तळहातांवर झेलतात, हातावरून हातावर फिरवतात. बशीएवढा उंडा ताटाएवढा होतो, ताटाचा परातीएवढा होतो, मनगटं ओलांडून कोपरापर्यंत पोचतो आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद पांघरला जातो. झुंबरबाईंचा मांडा हातावर असताना त्यातून पलीकडचा जाळ दिसायचा. मी रंगभूमीवर खूप कसबी हात पाहिलेत. तबल्यावरचे पाहिले, तलवारीवरचे पाहिले. या बाईंच्या हातांना मी त्यांच्या पंगतीत बसवतो, तेही पहिल्या पानावर.

लग्न कुणाचंही असो, मांड्याला झुंबरबाई. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, स्वतःच्या घरी. नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली. दर आखाजीला त्यांच्या नावाची पितरांची घागर भरायची आणि त्या घागरीवर झुंबरबाईंनी स्वतः केलेला मांडा ठेवायचा. अकरा वर्षांत यात खंड पडला नव्हता.

पौषात एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला. तोंड वाकडं झालं, पाय लटका पडला. मुलगा हर्षल वांग्याच्या वाफ्यात पाणी धरत होता. तो तसाच चिखलाच्या पायांनी धावला, गाडी मिळवली आणि आईला वेळेत अकोल्याला पोचवलं. जीव वाचला. काही दिवसांनी तोंड जागेवर आलं, पाय काठी घेऊन चालू लागला. जीभ तर पहिल्यापासून शाबूत होती, आणि ती किती शाबूत होती हे आमच्या गल्लीने पुढे अनुभवलं. पण डावा हात मात्र आला नाही.

घरी आणल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाईंचं वाटोळं करायला घेतलं. सगळं प्रेमाने. रुपाली घास भरवायची, वेणी घालायची, चोळीचे हूक लावायची. आलेला प्रत्येक पाहुणा बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि सांगायचा, "लय कष्ट केले, आता बसून खा." कुणी चोळायला तेल आणलं, कुणी पारव्याचं रक्त लावा म्हणून सांगितलं. मी माझी आरामखुर्ची नेऊन दिली आणि वर म्हणालो, "झुंबरबाई, आता सिंहासनावर बसायचं आणि हुकूम सोडायचे." डावा हात मांडीत पडून असायचा. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "हा हात माया नाई, इंद्रभानभाऊ. कोनाचा तरी आनून लावला मले."

फाल्गुन संपता संपता तानाबाईंनी सहज विषय काढला की आखाजीच्या मांड्यांना यंदा सोनाळ्याची बाई बोलवू. झुंबरबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून व्यायाम शिकवणाऱ्या संजीवनी मॅडम आल्या. तिशीतली, बारीक चणीची मुलगी, स्कूटीवर. त्यांनी नाडी पाहण्याआधी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

"मावशी, या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

"मांडे," झुंबरबाई म्हणाल्या.

मॅडमनी त्यांचं मनगट टेकवून धरलं आणि वर उचला म्हणून सांगितलं. मनगट अंगुळभर उठलं. बोटं उघडा म्हटलं तर दोन बोटं आणि अंगठा किंचित उघडले. मॅडम जागेवरून उठल्याच. "अहो, एवढं आहे? एवढं पुष्कळ झालं!"

मग त्यांनी रुपालीला समजावलं. हात मेलेला नाही, डोक्यातून हाताकडे जाणारी वाट मोडलीय. ती वाट पुन्हा पाडावी लागते, आणि वाट चालल्यानेच पडते. पण चांगला हात दर वेळी पुढे धावतो आणि दुबळ्याची पाळीच येत नाही. म्हणून दिवसातून काही तास चांगल्या हाताला थैलीत घालायचं आणि सगळं दुबळ्याकडून करून घ्यायचं. चालताना थैली काढायची, चुलीजवळ आणि पाण्याजवळ काढायची, थकवा आला की थांबायचं, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही.

हे मला नंतर सांगण्यात आलं तेव्हा क्षणात पटलं. कंपनीत प्रत्येक मोठ्या नटाचा एक बदली नट असतो. त्याला सगळे संवाद पाठ असतात, पण उभा जन्म विंगेत जातो. मुख्य नटाला ताप आला तरच त्याला रंगमंच मिळतो. झुंबरबाईंच्या उजव्या हाताला रोज सकाळ-दुपार मिळून तीन तास ताप आणायचा होता, बस.

आणि त्या तीन तासांत जेवणही घालायचं ही कल्पना खुद्द झुंबरबाईंची. रुपाली घाबरली होती. "आत्याबाई, डाव्या हातानं जेवता का कोनी? लोक काय म्हनतीन?"

"अन्नाले डावं-उजवं समजते का व? भूक लागली म्हंजे हात शिकन. अन् आयक, मी रडली तरी सोडू नोको. मी शिव्या देल्या तरी सोडू नोको. भरवलं तर तुया हातचं पानी पेनार नाई."

रुपालीने शब्द दिला. गल्लीत सांगायचं नाही असंही दोघींनी ठरवलं, कारण गल्लीला समजावत बसायला वेळ नव्हता. इथेच चुकलं.

यातलं एक अक्षर मला त्या सकाळी ठाऊक नव्हतं. तानाबाई माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इंद्रभानभाऊ, जानेफळले फोन लावा. झुंबरच्या भावाले बोलवा. सून खाऊन टाकीन तिले." त्यांना फोन लावता येत नाही. मला लावता येतो आणि, देव क्षमा करो, मला बोलताही येतं. मी घसा साफ केला. आवाज पोटातून काढला. "भगवंतराव, तुमची बहीण उपाशी आहे. तिचे हात बांधलेत. ती रडते आहे आणि पाहणारं कुणी नाही." हात एकच बांधला होता, पण वाक्याला वजन यावं म्हणून मी दोन केले. पाहणारं तर मीच होतो.

चार वाजता गाडी अंगणाबाहेर थांबली. भगवंतराव म्हणजे झुंबरबाईंचे धाकटे भाऊ, सहा फुटांचा माणूस, जानेफळचे बागाईतदार. पायातल्या चपलांसकट ते सरळ अंगणात आले. मागे तानाबाई, मागे मी, मागे अर्धी गल्ली.

"बाई, चाल. लुगडी बांध," ते बहिणीला म्हणाले. मग रुपालीकडे वळले. "अन् तू! लेक म्हनून आनली होती तुले या घरात. अशी फेडली का?"

रुपालीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुया हातचं पानीबी नोको मले."

"पे ते पानी अन् बस गुमान," झुंबरबाई खाटेवरून म्हणाल्या. आवाज असा लागला की मागच्या बाया दोन पावलं सरकल्या. "कोनं सांगतलं तुले का सुनेनं हात बांधला म्हून? म्या बांधून घेतला. रुपाली, नाडा सोड."

रुपालीने नाडा सोडला. झुंबरबाईंनी थैली भावापुढे धरली. "हात घाल."

"काऊन?"

"मोठी बहीण सांगून राह्यली म्हून."

सहा फुटांच्या माणसाने उजवा हात थैलीत घातला. रुपालीने नाडा बांधला. झुंबरबाईंनी चहा मागवला, बशीतून. "आता पे. सांडू नोको."

भगवंतरावांनी डाव्या हाताने बशी उचलली. पहिला घोट धोतरावर गेला. दुसऱ्यांदा बशी ओठांपर्यंत पोचली आणि चहा मिशीतून हनुवटीवर आला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्यांदा अर्धा घोट तोंडात गेला आणि अर्धा सदऱ्यावर.

"जमून नाई राह्यलं," ते ओशाळून म्हणाले.

"तुया हात तं धडधाकट आहे, भगवंता. वारं गेल्यालं नाई त्याच्यावरून. म्या पहिल्या दिशी एक घास उचलला नाई. आज सकाळी आठ घास गेले पोटात. आठ! मोजले म्या. तू मले नेशीन, तुयी बायको मले भरवीन, सारे पाय चेपतीन, अन् हा हात मांडीत पडून मरीन. तसं पाह्यजे का तुले?"

भगवंतरावांनी थैलीतल्या हातानेच हनुवटी पुसली आणि एकदम त्यांची नजर माझ्यावर आली.

"मंग या नाटकवाल्यानं दोन हात बांधले म्हून काऊन सांगतलं बे?"

तानाबाई तत्परतेने म्हणाल्या, "म्या एकच सांगतला होता."

इतक्या मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे मी कधी इतका उघडा पडलो नव्हतो. मी हात जोडले. "भगवंतराव, चूक माझी. मला पार्ट मिळून वीस वर्षं झालीत." तेव्हा झुंबरबाई हसल्या. आजारानंतर पहिल्यांदा खळखळून हसल्या.

पण भगवंतराव पूर्ण विरघळले नव्हते. जाताना ते म्हणाले, "आखाजीले अठरा दिवस आहेत. मी येतो. तुया हातचा मांडा घागरीवर चढला तं मी चूक. नाई चढला तं तू गाडीत बसशीन. मग इथं काई आयकनार नाई." झुंबरबाई म्हणाल्या, "ये."

अठरा दिवस! मला पुन्हा तालमीचे दिवस आल्यासारखं झालं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे सगळी गल्ली तालमीत आली. बाया आपली हरभऱ्याची दाळ निवडायला झुंबरबाईंकडे आणू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी वाटीभर निवडायला पाऊण तास घेतला. चौथ्या दिवशी अर्धा. तानाबाई, होय, त्याच तानाबाई, ओली फडकी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "पिळ व. पानी राह्यलं अजून. माया म्हातारीच्या हातात तुयाहून जोर आहे." मी समोर बसून घास मोजायचो, खड्या आवाजात. अकरा. चौदा. एकोणीस! रुपालीने पिठाचा गोळा दिला. डावी बोटं त्यात रुतायची आणि बाहेर यायलाच तयार नसायची. झुंबरबाई बोटांना आई-माईवरून शिव्या द्यायच्या आणि मग मला म्हणायच्या, "तुमी नाई आयकलं ना, भाऊ?"

अकराव्या दिवशी खांदा धरला. हात वर करताना त्या किंचाळल्या. रात्रभर दुखणं थांबलं नाही. सकाळी मी गेलो तर थैली खुंटीवर, आणि झुंबरबाई भिंतीकडे तोंड करून. "बंद करा नाटक, भाऊ. भगवंताले फोन लावा. या खेपी एकच हात सांगा."

मी फोन लावला, पण संजीवनी मॅडमना. त्या दुपारी आल्या. खांदा तपासला, त्याला आधार द्यायला उशी कशी ठेवायची ते रुपालीला दाखवलं, आणि रुपालीला खोलीबाहेर नेऊन विचारलं, "किती तास करता?" सहा, रुपाली म्हणाली. गल्लीच्या उत्साहात तिनाचे सहा कधी झाले ते आम्हाला कळलंच नव्हतं. मॅडम आमच्यावर अशा चिडल्या की मला कंपनीचा मालक आठवला. "हात त्यांचा आहे, तुमची जत्रा नाही! दोन दिवस सुट्टी. मग रोज तीन तास, मध्ये विश्रांती. आणि काका, मोजणी बंद." मी मान खाली घातली. जाताना त्या खाटेवर टेकल्या. गार आणि कोमट पाण्याच्या वाट्या लावून डाव्या हाताला फरक कळतो का ते पाहिलं. कळत होता. "जाळाजवळ हात नेता येईल, मावशी. पण मांडा खापरावरून उचलायचा सुनेनं. कबूल?"

"कबूल. टाकीन मी, उचलीन सून," झुंबरबाई म्हणाल्या. भिंतीकडचं तोंड इकडे वळलं होतं.

तिसऱ्या दिवशी थैली खुंटीवरून उतरली.

आखाजीची सकाळ. चूल पेटली, खापर पालथं पडलं. घागर भरून पाटावर ठेवली होती. भगवंतराव आले होते. चपला पायात, गाडीची किल्ली हातात, उभेच. संजीवनी मॅडम स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी स्कूटीवर आल्या होत्या. तानाबाईंनी पुरण वाटलं होतं. हर्षल हौदाला टेकून उभा होता.

झुंबरबाईंनी उंडा घेतला. उजव्या तळहातावरून डाव्यावर. डावा हात खाली दबला, पण त्याने झेललं. पुन्हा उजव्यावर. बशीएवढा झाला. डाव्यावर जाताना अंगठा रुतला आणि मांडा टरकन फाटला. पुरण जमिनीवर.

"होते," तानाबाई पुटपुटल्या. "पहिला फाटतेच. माये तं तिसऱ्यापरेंत फाटतात."

दुसरा ताटाएवढा झाला. तो खापराकडे निघाला आणि डावं कोपर मधेच खाली आलं. मांडा घसरून रुपालीच्या पदरावर पडला. भगवंतरावांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. झुंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी डावा हात झटकला, तेलात बुडवला, आणि तिसरा उंडा उचलला.

या वेळी त्या घाई करत नव्हत्या. उजवा, थांब. डावा, थांब. मी पाहत होतो की उजवा हात पुढे धावायचा मोह आवरतोय, डाव्याची वाट पाहतोय. बशी. ताट. डावीकडची कड जाड राहिली, उजवीकडची झिरझिरीत झाली. कोपरापर्यंत पोचला नाही. मनगटाच्या जरासा पुढे गेला, एवढंच. मग त्या वाकल्या. दोन्ही हात खापरावर गेले आणि मांडा पसरला. वाकडातिकडा, एका बाजूला सुरकुतलेला, पण एकसंध. पडला नाही, फाटला नाही. रुपालीने तो भाजून उचलला, घडी घातली, आणि सासूच्या डाव्या हातावर ठेवला. झुंबरबाईंनी तो नेऊन घागरीवर ठेवला.

भगवंतरावांनी किल्ली खिशात टाकली. खाली वाकून चपला काढल्या, ओट्याखाली सरकवल्या आणि मांडी घालून बसले. हर्षलने हौदावर तोंड धुण्याच्या निमित्ताने आमच्याकडे पाठ फिरवली. मला राहवलं नाही. मी टाळी वाजवली, मग मॅडमनी, मग सगळ्या अंगणाने, आणि टाळ्या थांबेचनात.

झुंबरबाईंनी चौथा उंडा उचलला आणि आमच्यावर डोळे वटारले.

"टाळ्या कायले वाजवून राह्यले व? लाकूड सारा आत, खापर थंड होऊन राह्यलं!"